तम्माच्या पानावर आलंय

बाळेकोप्पा, सिद्दापूर
९ मार्च

चि. तम्मास,

अक्काचा आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. तू कसा आहेस ते सौपर्णिकाकडून कळतं, तेवढंच. पत्ताही तिच्याकडूनच घेतला. भाचीवर रागावू नकोस, मी हट्टाला पेटले की तिचं काही चालत नाही. माझा नंबर तू अडवून ठेवलायस, दुसऱ्याच्या फोनवरून केला तर आवाज ओळखून ठेवून देतोस. तेव्हा शेवटी पोस्ट. कृष्णमूर्ती पोस्टमन पाकीट देताना म्हणाला, हल्ली पाकिटं फक्त विमावाले आणि भांडलेली माणसं मागतात.

अक्षर वाकडंतिकडं आलंय तिकडे लक्ष देऊ नको. खिडकीशी बसलेय आणि उजेड डोळ्यांवर येतो. थोडं थोडं करून लिहिणार आहे.

आयी आमच्याकडेच आहे. जेवण कमी झालंय, पण कैरीची अप्पेहुळी केली की भात मागून घेते. गुडघे दुखतात, त्याची तक्रार माझ्याकडे न करता गाईकडे करते. आपलं वरचं घर बंद आहे. माळ्यावर वाळवी लागली होती, तुझ्या भावोजींनी औषध मारून घेतलं. सुपारी सोलून, वाळवून झाली. भाव काय चाललाय ते मात्र नीट कळत नाही. व्यापारी एक सांगतो, सोसायटीतला कारकून दुसरं, आणि फोनवरच्या ग्रुपात प्रत्येकाचा आपला आपला भाव असतो. फोनवर तुझं बातम्यांचं पान होतं तेव्हा हा प्रश्नच नव्हता. सकाळी ‘काडिन दारी’ उघडायचं, वरतीच चाली सुपारीचा भाव, राशी सुपारीचा भाव, आणि मग खाली कोण गेलं, कुठे यक्षगान आहे, कुठला रस्ता खचला.

देवळात ताळमद्दळे झाली, तेच आपलं वेश न घालता बसून बोलायचं यक्षगान. अप्पय्यांच्या जागेवर आता बिदरकानचे एक मास्तर बसून कृष्णाच्या तोंडचा अर्थ सांगतात. पाठांतर चोख आहे. पण समोरच्याला बोलण्यात अडकवून मग स्वतःच गालात हसायचं, ते अप्पय्यांचं. मी मध्येच उठून आले.

तम्मा, अप्पय्यांची गोष्ट तू कधी पूर्ण ऐकून घेतली नाहीस. तेराव्याला पंगत उठायच्या आत तू निघून गेलास, आणि नंतर आपण बोललो ते फक्त भांडणच. म्हणून आज लिहितेच.

ते रोज कॉफी झाली की ओसरीच्या जगलीवर बसून फोन हात लांब करून धरायचे आणि तुझं पान मोठ्याने वाचायचे. भाव वाचायचे, मृत्युवार्ता वाचायचे. त्या दोहोंच्या मध्ये जाहिरातीतला तो पांढऱ्या कोटातला डॉक्टर यायचा. तोंड टीव्हीवरच्या डॉक्टरचं, आवाजही त्याचाच, पण सगळं बनावट. साखर मुळापासून जाते, सुई फेकून द्या, तुमचा डॉक्टर हे तुम्हाला कधीच सांगणार नाही. पोस्टाने डबा आला तो त्यांनी सुपारीच्या खोलीत ठेवला. आयीला वाटलं शेळीचं जंतांचं औषध आहे. इन्सुलिनचं पेन फ्रिजमध्ये जागच्या जागी होतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. ना तुला, ना मला. बागेत काटा लागला तो चिघळला, तर मुरगळलंय म्हणून फडकं बांधून फिरले. आपण त्यांना शिवमोग्ग्याला नेलं तेव्हा पाय काळा पडला होता आणि रक्तात इतकी साखर कशी ते डॉक्टरांनी आपल्यालाच उलट विचारलं.

तू औषधं आणायला खाली गेला होतास. मी त्यांना विचारलं, सुई बंद करायला कुणी सांगितलं? त्यांना बोलवत नव्हतं. तरी माझ्याकडे बघून म्हणाले, “तम्माच्या पानावर आलंय.”

असं म्हणाले की जसं काही मीच अडाणी. तम्माच्या पानावर आलंय, मग खोटं कसं असेल. मुलाचा अभिमान होता तो. मी हे तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण त्या दिवशी तुझं तोंड बघवत नव्हतं. आणि तेराव्याला सांगणार होते तर तू भलतंच बोलायला लागलास.

“जाहिराती मी निवडत नाही, अक्का. त्या आपोआप येतात. ज्याला जी दाखवायची ती मशीन ठरवतं. तुझ्या फोनवर साड्या दिसतात, त्यांच्या फोनवर औषध दिसलं.”

मी म्हटलं, “म्हणजे त्यांना साखर आहे, हे कुठल्यातरी परक्याला माहीत होतं?”

“मशीनला माहीत होतं.”

“घर तुझं, आणि जगलीवर कोण येऊन बसलंय ते तुला ठाऊक नाही?”

“जगलीवर कुणालाच बसू दिलं नाही तर घर चालत नाही,” तू म्हणालास.

ते तुझं वाक्य मी पुष्कळ दिवस चावत बसले. तुझंही खरं होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पान वाचायला कुणी पैसे देत नव्हतं, येत ते जाहिरातींचेच. तू मोटारसायकलवर तालुकाभर फिरून बातम्या आणायचास आणि लोक ते फुकट वाचायचे, मीसुद्धा. तू तो डॉक्टर काढून टाकलास, हेही मला माहीत आहे. पण आठवड्यात दुसऱ्या नावाने तोच आला. तो काढलास, तर गुडघ्याचं तेल आलं.

मग मी काय केलं ते तुला माहीत आहे. सौपर्णिकाने धारवाडहून फोनवर शिकवलं. सेटिंगमध्ये एक ओळ टाइप करायची की सगळ्या जाहिराती बंद. आधी माझ्या फोनवर केलं, मग आयीच्या. मग डेअरीवर दूध घालायला येणाऱ्या बायकांच्या. गिरिजत्तेने त्याला मच्छरदाणी नाव ठेवलं आणि सगळ्या तसंच म्हणायला लागल्या, माझीही मच्छरदाणी लावून दे गं. फोन हलके चालायला लागले, त्या खूश झाल्या. त्यानंतर मी अप्पय्यांचं सगळं सांगून, ती ओळ कशी टाइप करायची ते सांगून, आवाज रेकॉर्ड करून बायकांच्या ग्रुपवर टाकला. तो पुढे कुठे कुठे गेला ते मला नंतर कळलं. तू ऐकलास हेही नंतर कळलं. तू माझा नंबर अडवलास. दिवाळीनंतर पान बंद झालं आणि तू बेंगळुरूला गेलास.

हे सगळं झालं ते झालं. आता खरी बातमी लिहिते, जी दोन दिवस टाळतेय.

कन्नम्मा गेली.

आपली कन्नम्मा, ओढ्यापलीकडची. तुला पहिल्या पावसातली अळंबी आणून द्यायची ती. पौष संपता संपता ती गोठ्यासाठी वाळला पाला आणायला वरच्या बेट्ट्यातल्या रानात गेली. जंगलात वास येत होता. कोल्हा मेला असेल म्हणाली. परतताना झुडपात दोन काळतोंडी माकडं मरून पडलेली दिसली. तेव्हा पाल्याचे भारे डोक्यावर होते आणि गोचिडी लागायच्या त्या लागल्या होत्या.

नंतर कळलं की फॉरेस्टच्या गार्डाला तिथे आधीच मेलेली माकडं सापडली होती. पंचायतीच्या फळ्यावर कागदही लागला होता. तिकडे वाचायला कोण जातं? तुझं पान असतं तर तू त्याच दिवशी जागेचा फोटो काढून वरती लाल अक्षरांत टाकलं असतंस, या बेट्ट्यात जाऊ नका. भाव बघायला सगळेच यायचे, म्हणून ते सगळ्यांना दिसायचं. दरवर्षी तू हे करायचास, आणि आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की तू करतोस हेही लक्षात यायचं नाही.

तिला ताप भरला, मेलेल्या माकडांवरच्या गोचिडी चावून येतो तोच. डोकं फुटतंय म्हणून ओरडायची. हिरड्यांतून रक्त यायला लागल्यावर मणिपालला नेली, पण उशीर झाला होता.

आणि तम्मा, वर मी ‘ती पाला आणायला गेली’ असं लिहिलंय, पण ती एकटी गेली नव्हती. मी बरोबर होते. गोठा आमचा, पाला आम्हाला हवा होता. तिच्यामागोमाग मलाही ताप आला. मी तिच्या पलीकडच्याच वॉर्डात होते, आणि ती गेल्याचं मला घरी आल्यावर सांगितलं. ताप उतरून पुन्हा आला. आता गेलाय, पण हात थरथरतो आणि एका वस्तूच्या दोन दिसतात. उजेडाचं वर लिहिलं ते खरं नाही. सगळे बरे आहेत हेही नाही. तुला कळवू नका असं मीच सगळ्यांना बजावलं होतं.

मच्छरदाणी लावली याचा मला पश्चात्ताप नाही. तो डॉक्टर पुन्हा कुणाच्या बापाच्या फोनवर येणार असेल तर मी पुन्हा लावीन. पण कन्नम्माच्या फोनवर ती लावली मीच, आणि तुझं पान बंद पडलं ते त्याच्यामुळेच. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असतं ते मला समजत नाही. तू जास्त शिकलायस, तू सांग.

पाऊस पडेपर्यंत गोचीड मरत नाही. म्हणजे अजून बराच हंगाम बाकी आहे. यापुढचं मी लिहीत नाही, तुला समजेल.

तुझी,
नागवेणी


बेंगळुरू
२४ मार्च

ती. सौ. अक्कास,

नमस्कार. पत्र जिन्यातच फोडलं आणि तिथेच बसून वाचलं. घरमालकीण दोनदा विचारून गेली, काय झालं म्हणून.

तू मणिपालला पडून होतीस आणि मी इथे होतो. कुणी कळवलं नाही म्हणून रागवायचा मला हक्क नाही. कळवायला वाट मीच ठेवली नव्हती. तुझा नंबर त्याच संध्याकाळी मोकळा केला. लावायला मात्र धीर झाला नाही. लिहिताना मी जरा बरा असतो, हे तुला माहीत आहे.

कन्नम्मावर मला काही लिहिता येत नाही. तिच्या तिम्मप्पाला काय सांगायचं? आई गेली तेव्हा तो मंगळुरूत कामावर होता का? हे सगळं मला बातमी म्हणून कळायला हवं होतं, आणि बातमी देणारा मीच होतो.

अप्पय्यांचं ते वाक्य तू मला आत्ता सांगितलंस. बरं झालं आधी नाही सांगितलंस. आधी कळलं असतं तर कदाचित मी पान तेव्हाच बंद केलं असतं आणि शहाणपणाचा मान घेतला असता. आता तसं काही राहिलं नाही.

तुझा आवाज मी सोसायटीत सुपारीच्या लिलावात पहिल्यांदा ऐकला. एकाने लावला, मग शेजारच्याने, पाहता पाहता साऱ्या हॉलभर तूच बोलत होतीस आणि लोक माझ्याकडे बघत होते. कुणी वाईट बोललं नाही. विश्वनाथ भट तर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तुझ्यावर राग नाही रे, पण आम्ही जाहिराती बंद करणार. मी पानावर विनंती टाकली होती, निदान माझ्या पानापुरत्या जाहिराती चालू ठेवा. ती वाचून मलाच लाज वाटली. दार उघडं ठेवा म्हणणारा मी, आणि आत कोण येईल ते मात्र मला विचारू नका. तुझ्या आवाजात अप्पय्यांची धाटणी आहे, अक्का. समोरच्याला उत्तरच राहत नाही.

तू विचारलंस की दोन्ही खरं कसं. मला वाटतं, लोकांनी जाहिराती बंद कराव्यात. मी परका असतो तर हेच सांगितलं असतं. आपल्या घरात काय शिरू द्यायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. पण मग बातमी आणणाऱ्याचं पोट कशावर भरायचं, याचं उत्तर त्यांनीही द्यायला हवं होतं आणि मीही. ना त्यांनी ते दिलं, ना मी. मला वाटायचं, मशीन देतंय तोवर घ्यावं. त्यांना वाटायचं, तम्मा काय, फिरतोच आहे.

आता माझी बातमी. मी इथे काय करतो ते सौपर्णिकालाही नीट सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी एका वेबसाइटवर उपसंपादक आहे.

मी जाहिराती लिहितो. ज्या जाहिरातीसारख्या दिसतात त्या लोकांनी अडवल्या, म्हणून आता जाहिरात बातमीसारखी लिहायची. माणसाची गोष्ट म्हणून लिहायची, म्हणजे तुझी मच्छरदाणी तिला ओळखत नाही. आमच्याकडे त्यासाठी वेगळी खोली आहे, त्यात बहुतेक सगळे माझ्यासारखेच आहेत, कुठल्या ना कुठल्या बंद पडलेल्या पेपरातून आलेले. पहिल्या दिवशी मी शेजारच्या मुलीच्या फोनवर बघितलं तर तिच्याकडे ब्लॉकर. मी विचारलं तर हसली. म्हणाली, “सर, इथे सगळ्यांकडेच आहे. तुमच्याकडे नाही?” माझ्याकडेही आहे.

मला गुडघ्याचं तेल दिलं होतं. संपादक म्हणाले, घाटावरचा माणूस हवा, वयस्कर, विश्वास बसेल असा. मी सुब्बय्या मास्तर नावाचा माणूस लिहिला. देवळात बसून अर्थ सांगणारा, समोरच्याला बोलण्यात अडकवणारा, मग गालात हसणारा. त्याचं बोलणं लिहायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. संपादकांनी उभं राहून वाचून दाखवलं. त्यानंतर मास्तरांचेच आणखी लेख मागितले. रक्तदाबाचे, झोपेचे.

हे मी तुला का लिहितोय? तू मला तुझ्या हाताबद्दल लिहिलंस म्हणून. नाहीतर मी लिहिलं नसतं.

पान पुन्हा सुरू कर असं तू लिहिलेलं नाहीस, पण तेच म्हणालीस. पानाचं नाव, म्हणजे त्याचा इंटरनेटवरचा पत्ता, दरवर्षी पैसे भरून नव्याने घ्यावं लागतं. मुदत संपली तेव्हा मी घेतलं नाही. तेव्हा रागात होतो. त्या नावामागे आता काही नाही. आणि मी परत येऊन कुणाच्या तोंडाकडे बघू? थोडा वेळ दे. आयीला माझं बरं चाललंय म्हणून सांग.

तुझा,
श्रीपती


बाळेकोप्पा
११ एप्रिल

चि. तम्मास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं त्याच्या दुसऱ्या दिवशीच उत्तर लिहायला घेतलं होतं. मग मधे जे झालं त्यामुळे ते फाडलं. हे नवीन.

सुब्बय्या मास्तरांबद्दल तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. तुला शिव्या द्याव्यात असं वाटलं आणि शिव्या सुचल्या नाहीत. एवढंच मनात आलं की अप्पय्या वाचले असते तर त्यांनी त्यात चुका काढल्या असत्या. तुझ्या भावोजींना दाखवलं. ते वाचून गोठ्यात गेले.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मात्र मी उचललं. घरात काय शिरू द्यायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, पण बातमीवाल्याच्या पोटाचं उत्तरही द्यावं. ते मी डेअरीवर बोलले. काठी घेऊन का होईना, आता चालत जाते मी तिथपर्यंत. म्हटलं, तम्मा परत आला, पान सुरू केलं, तर त्याच्यापुरती मच्छरदाणी उचलायची की नाही? तिम्मप्पा आईच्या वर्षाच्या आतल्या कार्यासाठी आला होता, तोही कॅन घेऊन उभा होता.

बायकांत दोन तट पडले. विश्वनाथ भटांची सून म्हणाली, आम्ही सगळ्यांनी मिळून घरटी काहीतरी द्यावं आणि जाहिराती नकोतच. दुसरी म्हणाली, आज सगळ्या देतो म्हणतील, आषाढात कोण देणार? तिसरी म्हणाली, उचलूया, पण मग तो पांढरा कोटवाला पुन्हा आला तर? यावर सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

तेव्हा तिम्मप्पा म्हणाला, “नागवेणक्का, माझ्या आईला कोटवाल्याने नाही मारलं.”

तेवढंच बोलला आणि दूध ओतून निघून गेला. मग मीच म्हटलं, उचला. त्याच्यापुरती उचला, तो आला की. ती ओळ कशी काढायची तेही दाखवलं.

‘तो आला की’ हे कुणी ऐकलं नाही, तम्मा. गिरिजत्तेने घरी जाऊन तुझं पान उघडलं. दुसऱ्या दिवशी डेअरीवर म्हणाली, अगं, सुरू झालंय की. तुला सांगितलं नाही होय त्याने? पोरगा अजून रुसलाय तुझ्यावर.

मी तिचा फोन डोळ्यांपाशी धरून बघितला. एक डोळा झाकला की एकच दिसतं. हिरवं शीर्षक तेच, ‘काडिन दारी’ तशाच अक्षरांत, कोपऱ्यात तू काढलेलं घाटाचं चित्रही तेच. खाली सुपारीचा भाव, पण तो गेल्या दिवाळीचा. त्याच्याखाली सुब्बय्या मास्तर. फोटो कुणा भलत्याच म्हाताऱ्याचा. बोलणं मात्र अप्पय्यांचं. “अहो, तुमचं बरोबर, मी चूक, पण मग माझे गुडघे कसे काय चालतात ते तेवढं सांगा.” असंच लिहिलंयस ना? मी घरी येऊन माझ्या फोनवर मच्छरदाणी लावून बघितलं. तरीही दिसलं. ते पान म्हणजेच जाहिरात आहे, ती काय अडवणार.

तू टाकून दिलेलं नाव कुणी उचललं ते मला माहीत नाही. तुझ्या कंपनीने की आणखी कुणी. तुला माहीत असेल तर पत्रात लिहू नकोस.

मी डेअरीवर सांगितलं की हे तम्माचं नाही, उघडू नका. निम्म्या बायकांनी ऐकलं. बाकीच्या म्हणाल्या, पहिल्यांदा लाव म्हणालीस, मग काढ म्हणालीस, आता पुन्हा लाव म्हणतेस, तुझं नक्की काय ते ठरव. त्यांचंही चूक नाही.

आता जे लिहायचं ते लिहिते.

गिरिजत्तेने त्या तेलाच्या दोन बाटल्या मागवल्या होत्या. एक तिला, एक आयीला. मला न विचारता, आजाऱ्याला कशाला त्रास म्हणून. मी मागच्या दाराने आत आले तर आयी जगलीवर पाय पसरून बसलेली, आणि गुडघ्यांना तेल चोळत होती. कापराचा वास घरभर. किती दिवसांनी तिला इतकी आनंदी बघितली. मला म्हणाली, तम्माने पुन्हा सुरू केलं बघ. वाचून दाखवलं मला गिरिजाने, अगदी तुझ्या अप्पय्यांसारखं लिहितो.

मी तिला सांगितलं. आयी, हे तम्माचं नाही, तेल खोटं आहे. ती चोळायची थांबली नाही. म्हणाली, “तू पहिल्यापासूनच त्याच्या पानाच्या मुळावर उठलेली. बंद पाडून झालं, आता चालू झालं तेही बघवत नाही तुला?”

तेलाने काही बिघडणार नाही असं मनाला समजावलं. पण परवा तिच्या उशीखाली रक्तदाबाच्या गोळ्या सापडल्या, न घेतलेल्या, फडक्यात गुंडाळून. मास्तरांनी म्हणे सांगितलंय की तेल लागू पडलं की बाकीच्या गोळ्या हळूहळू सुटतात. हे तू लिहिलंस की तुझ्यानंतर कुणी घातलं, ते मी विचारत नाही.

डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी पुष्कळ समजावलं. तिने मान डोलावली आणि घरी येऊन मला म्हणाली, तुझा डॉक्टर हे कधीच सांगणार नाही असं त्यात लिहिलंच होतं.

सध्या मी गोळी कुटून ताकात घालते. तिला ताकात गोळीचा वास येतो, अर्धं टाकून देते. माझा हात थरथरतो, किती सांडतं आणि किती जातं ते मलाच कळत नाही. तुझ्या भावोजींना जमत नाही, ती त्यांच्या हातून घेत नाही. सौपर्णिकाची परीक्षा आहे.

पान नको सुरू करू. भावाचं आम्ही बघून घेऊ. माकडांचं मी तिम्मप्पाला सांगून ठेवलंय, तो महिनाभर इथेच आहे, गार्डाला भेटून येतो आणि डेअरीच्या भिंतीवर खडूने लिहितो. तू तेवढ्यासाठी येऊ नकोस. माझ्यासाठीही नको. कुणाच्या तोंडाकडे बघू असं तू विचारलंस, तर एकाच तोंडाकडे बघायचंय. तिच्यासमोर बसून तुझ्या तोंडाने सांगायचंय, की आयी, ते मी लिहिलं आणि ते खोटं आहे. फोनवर सांगशील तर म्हणेल अक्काने बोलायला लावलं. पत्राने तर नाहीच, तिला वाचून मीच दाखवणार.

तिला तुझा राग येईल, की तिला काहीच वाटेनासं होईल, मला सांगता येत नाही. पण ती फक्त तुझं ऐकते.

ताक अजून अर्धं तरी पोटात जातंय, तोवर ये.

जिचं आयी ऐकत नाही ती,
तुझी अक्का